बाथरूमचं नूतनीकरण आणि त्याचं बजेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या सगळ्या हिशेबांसाठी एकच नमुना धरला आहे: ८ फूट बाय ५ फूट बाथरूम, भिंतींवर ७ फुटांपर्यंत टाइल्स, अडीच फुटी दरवाजा आणि २ बाय २ ची खिडकी. तुमची मापं वेगळी असतील, पण हिशेबाची रीत हीच. दर गावागणिक बदलतात, म्हणून इथे रकमा दिलेल्या नाहीत. प्रमाणं आणि परिमाणं दिली आहेत, त्यापुढे तुमच्याकडचे दर मांडा.

आधी रक्कम ठरवायची की आधी कामाची यादी करायची?

आधी कामाची पातळी ठरवा. पहिली पातळी म्हणजे नुसता चेहरा बदलणं: नळ, आरसा, दिवे, सांध्यांचं नवं ग्राऊट (टाइल्समधल्या फटी भरणारा मसाला), दरवाजाला रंग. दुसरी पातळी म्हणजे सगळ्या वस्तू जागच्या जागी ठेवून टाइल्स, कमोड, बेसिन आणि नळ नवे घेणं. तिसरी म्हणजे प्लास्टरपर्यंत सगळं काढून पाइप, वायरिंग आणि वॉटरप्रूफिंगसकट नव्याने करणं.

खालच्या मजल्याच्या छताला ओल असेल, नळातून गंजाचं पाणी येत असेल किंवा जमिनीच्या टाइल्स वाजवल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर दुसऱ्या पातळीवर पैसे घालू नका. नव्या टाइल्सखाली जुनी गळती तशीच राहते आणि दोन वर्षांनी त्याच टाइल्स फोडाव्या लागतात. अशा वेळी एक तर तिसऱ्या पातळीचे पैसे जमवा, नाही तर तोवर पहिल्या पातळीवरच थांबा.

संपूर्ण काम करायचं तर पैसे कुठे कुठे जातात?

तिसऱ्या पातळीच्या कामाला, मध्यम दर्जाचं सामान धरून, सुरुवातीला ही विभागणी वापरता येते:

- तोडफोड आणि राडारोडा उचलणं: ६ टक्के
- प्लंबिंग आणि ड्रेनेज, मजुरीसह: १४ टक्के
- वॉटरप्रूफिंग: ७ टक्के
- टाइल्स, अॅडेसिव्ह, ग्राऊट, ग्रॅनाइटच्या पट्ट्या: २१ टक्के
- गवंड्याची मजुरी (प्लास्टर, उतार, टाइल्स): १५ टक्के
- कमोड, बेसिन, नळ, शॉवर: २२ टक्के
- वायरिंग, दिवे, एक्झॉस्ट पंखा: ७ टक्के
- दरवाजा, फॉल्स सीलिंग, आरसा, टॉवेल रॉड वगैरे: ८ टक्के

मजुरी महाग असलेल्या ठिकाणी गवंडी आणि प्लंबिंगचे आकडे वर सरकतील. पण पहिल्या तीन ओळींना कात्री लावून सहाव्या ओळीत भर घालू नका. नळ पाच वर्षांनी दोन तासांत बदलता येतो. टाइल्समागचा पाइप बदलायचा तर पुन्हा सगळं फोडावं लागतं.

टाइल्स किती लागतील हे नेमकं कसं काढायचं?

बाथरूम ४० चौरस फुटांचं आहे म्हणून लोक ५० चौरस फुटांचा विचार करून दुकानात जातात. भिंती मात्र जमिनीच्या चौपट भरतात.

भिंती: चारही बाजूंची बेरीज २६ फूट, गुणिले उंची ७ फूट, म्हणजे १८२ चौरस फूट. त्यातून दरवाजाचे १७.५ आणि खिडकीचे ४ वजा केले की १६०.५ उरतात. कापाकापी आणि तुटीसाठी १० टक्के धरले की १७६.५. ३०० बाय ६०० मिमीची एक टाइल १.९४ चौरस फुटांची, म्हणजे ९२ टाइल्स. बॉक्समध्ये ५ नग असतील तर १९ बॉक्स.

जमीन: ४० अधिक १० टक्के म्हणजे ४४ चौरस फूट. ३०० बाय ३०० मिमीच्या टाइल्स ४६ लागतील.

टाइल्स तिरक्या बसवायच्या असतील तर १० ऐवजी १५ टक्के तूट धरा. नक्षी जुळवावी लागणाऱ्या टाइल्सना त्याहूनही जास्त, कारण उरलेला तुकडा दुसरीकडे चालत नाही. खिडकीच्या आतल्या बाजू, कोनाडा आणि बेसिनखालचा कट्टा वेगळे मोजा. या गोष्टी कोटेशनमध्ये हमखास राहून जातात.

बॉक्सवर छटेचा क्रमांक आणि बॅच छापलेली असते. सगळे बॉक्स एकाच बॅचचे आहेत हे माल उतरवून घेतानाच तपासा. चार टाइल्स कमी पडल्या आणि नंतर दुसऱ्या बॅचच्या आणल्या, तर रंगातला फरक रोज डोळ्यांत खुपतो. काम झाल्यावर भिंतीच्या चार-पाच आणि जमिनीच्या तीन-चार टाइल्स जपून ठेवा. पुढे पाइप दुरुस्तीसाठी एखादी टाइल फोडावी लागली तर त्याच उपयोगी पडतात.

भिंतीची टाइल जमिनीवर चालेल का? उरलेल्या वापरून टाकता येतील.

नाही. भिंतीच्या सिरॅमिक टाइल्स पाणी जास्त शोषतात, सहसा वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक, आणि त्यांचा चकचकीत पृष्ठभाग ओला झाला की पाय घसरतो. जमिनीसाठी अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी शोषण असलेली व्हिट्रिफाइड, मॅट टाइल घ्या. घसरण-प्रतिकाराचा दर्जा आर १० किंवा त्याहून वरचा असावा. ही माहिती बॉक्सवर किंवा कॅटलॉगमध्ये मिळते. घरात वयस्कर माणसं असतील तर रंगाआधी हा आकडा विचारा.

सिमेंटवर टाइल्स लावल्या तर अॅडेसिव्हचा खर्च वाचतो ना?

भिंतीच्या सिरॅमिक टाइल्स सिमेंटवर धरतात, कारण त्या पाणी शोषतात. व्हिट्रिफाइड टाइल शोषत नाही, म्हणून सिमेंटचा घोळ तिला नीट चिकटत नाही. वरून काम छान दिसतं, आत पोकळी राहते आणि पुढे टाइल सुटते किंवा तडकते. तिथे पॉलिमर घातलेलं अॅडेसिव्हच हवं.

खप असा काढा. ३ मिमी जाडीला २० किलोची गोणी साधारण ४५ चौरस फूट पुरते. आपल्या नमुन्यात भिंती आणि जमीन मिळून २०० चौरस फूट आहेत, म्हणजे ५ गोण्या. भिंत ओळंब्यात नसेल आणि गवंडी ६ मिमी थर देऊन ती सरळ करू लागला, तर गोण्या दुप्पट होतात. म्हणून भिंत प्लास्टरने सरळ करून घ्यायची, अॅडेसिव्हने नाही. प्लास्टर झाल्यावर सहा फुटी सरळ पट्टी लावून बघा आणि कोपऱ्यांत गुण्या लावा. पट्टीखाली ३ मिमीपेक्षा मोठी फट दिसली तर ती तेव्हाच भरून घ्या.

ग्राऊट फारसं लागत नाही. ३ मिमी सांध्यांना एवढ्या बाथरूमसाठी ५ किलो पुरतं. म्हणूनच जमिनीला आणि शॉवरच्या कोपऱ्याला इपॉक्सी ग्राऊट घ्यायला हरकत नाही. ते महाग असतं, पण खप कमी असल्याने एकूण हिशेबात फरक थोडा पडतो. त्याच्या मजुरीचा दर मात्र वेगळा असतो, तो आधी विचारा. ते लवकर घट्ट होतं, आणि वेळेत पुसलं नाही तर टाइल्सवर राहिलेला थर निघता निघत नाही.

तोडफोडीचा खर्च इतका का येतो?

वजनामुळे. भिंतीच्या टाइल्स आणि त्यामागचा २५ मिमी मसाला, जमिनीच्या टाइल्स आणि खालचा थर, असं सगळं मिळून सुमारे सव्वा टन राडारोडा निघतो. २५ किलोच्या गोण्या धरल्या तर ५० गोण्या. स्लॅब खोलगट असेल आणि त्यातला कोबाही (भरावाचा थर) काढायचा असेल, तर आणखी दोन टनांची तयारी ठेवा.

कोटेशनमध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या: फोडणं, गोण्या भरून खाली नेणं आणि गाडीने परवानगी असलेल्या जागी टाकणं. नुसतं ‘तोडफोड’ लिहिलं असेल तर गोण्या जिन्यात पडून राहतात आणि वाद सुरू होतो. इमारतीत लिफ्टमधून राडारोडा न्यायला मनाई असेल तर हमालीचा दर मजल्यांनुसार वाढतो.

जुन्या टाइल्सवरच नव्या बसवल्या तर?

भिंतींवर, काही अटींवर, चालतं. आधी प्रत्येक टाइल लाकडी दांड्याने ठोकून बघा. पोकळ वाजणाऱ्या टाइल्स मोजक्या असतील तर तेवढ्याच काढून जागा भरून घ्या. बऱ्याच वाजत असतील तर सगळ्या काढणंच बरं. शिवाय आतले पाइप चांगले हवेत, ओल नसावी आणि जुना चकचकीत पृष्ठभाग खरवडून किंवा प्रायमर लावून खडबडीत केलेला असावा.

भिंत १२ ते १५ मिमी पुढे येते हेही लक्षात घ्या. भिंतीत बसवलेले व्हॉल्व्ह आत खोल जातात, त्यांना एक्स्टेन्शन लागतं. स्विचचे बॉक्स पुढे आणावे लागतात. जमिनीवर हा उपाय करू नका: दरवाजा घासतो, बाहेरच्या खोलीच्या आणि बाथरूमच्या जमिनीतला फरक कमी होतो आणि जुना चुकलेला उतार तसाच राहतो.

खराब झालेला तेवढाच पाइप बदलायचा की सगळे?

पाइप गंजणाऱ्या लोखंडाचे असतील तर सगळे. जुना आटा आणि नवा पाइप यांचा सांधा हीच सर्वांत कच्ची जागा असते. नवीन तुकडा जोडताना पान्याचा जोर लागतो आणि दोन फुटांवरचा जुना सांधा हलतो. गळती लगेच दिसत नाही, टाइल्स बसल्यावर दिसते.

नव्या पाइपांचं माप साधं असतं. मुख्य ओळ पाऊण इंची आणि प्रत्येक नळाकडे जाणारी फांदी अर्धा इंची. बचत म्हणून सगळंच अर्धा इंची घातलं तर शॉवर चालू असताना कोणी बेसिनचा नळ उघडला की शॉवरची धार मंदावते. गरम पाण्याला सीपीव्हीसी किंवा त्या तापमानाला चालणारा दुसरा पाइप हवा, साधा पीव्हीसी नको. बाथरूमपुरता एक मुख्य व्हॉल्व्ह बसवून घ्या, म्हणजे पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला घरभर पाणी बंद करावं लागणार नाही.

झिऱ्या (पाइपसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा) बुजवण्याआधी दाबाची चाचणी झालीच पाहिजे. सॉल्व्हंटने जोडलेले सांधे २४ तास वाळू द्यायचे, सगळ्या तोंडांना प्लग लावायचे आणि हातपंपाने वापरातल्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा. तासाभरात काटा खाली आला तर गळती आहे. पंपाचं भाडं आणि प्लंबरचा अर्धा दिवस एवढाच त्याचा खर्च. ‘चाचणी करून देणे’ हे शब्द कोटेशनमध्ये असतील तरच ती होते.

कमोडची जागा बदलायला किती फरक पडतो?

प्लंबिंगच्या कामात सगळ्यांत महाग पडणारा बदल हाच. मैलापाण्याच्या ११० मिमी पाइपला उतार लागतो. कमोड ५ फूट सरकवला तर ५० ला १ या उतारानेही ३० मिमीचा फरक येतो. त्यात पाइपचा व्यास आणि वरचा मसाला मिळवला की जमिनीखाली सहा-सात इंच जागा हवी. ती नसेल तर जमीन उंच करावी लागते, बाथरूममध्ये पायरी येते आणि पायरीचा खर्च दरवाजापर्यंत पोचतो. बेसिन सरकवणं मात्र सोपं, कारण त्याचा पाइप बारीक असतो आणि भिंतीतून नेता येतो.

जागा तीच ठेवली तरी कमोड घेण्याआधी दोन मापं हातात हवीत. निचरा जमिनीत जातो (एस ट्रॅप) की भिंतीत (पी ट्रॅप)? आणि एस ट्रॅप असेल तर *तयार* भिंतीपासून छिद्राच्या मध्यापर्यंत अंतर किती? आज ३०० मिमी दिसणारं अंतर भिंत ३० मिमीने पुढे आली की २७० होतं आणि ३०० चा कमोड बसत नाही. मग वेड्यावाकड्या जोडणीवर वेळ काढला जातो आणि तिथूनच वास यायला लागतो.

भिंतीला टांगलेला कमोड हवा असेल तर लोखंडी फ्रेम, लपवलेली टाकी आणि तिच्यासाठी भिंतीपुढे साधारण १५० ते २०० मिमी खोलीची पेटी, असा तिहेरी खर्च धरा. चार इंची विटांच्या भिंतीवर थेट भार टाकू नका.

वॉटरप्रूफिंग किती भागाला करायचं?

पूर्ण जमीन, सगळ्या भिंतींचा खालचा एक फूट आणि शॉवरच्या दोन्ही भिंती किमान सहा फुटांपर्यंत. आपल्या नमुन्यात हे असं भरतं: जमीन ४०, खालचा पट्टा २३.५ आणि तीन-तीन फूट रुंद शॉवरच्या भिंतींचे वरचे ३०, म्हणजे साधारण ९५ चौरस फूट. पॉलिमर-सिमेंटचं मिश्रण दोन हातांना (थरांना) मिळून चौरस मीटरला दीड ते दोन किलो लागतं. त्या हिशेबाने १३ ते १८ किलो माल. कंत्राटदाराने ५ किलोचा एकच डबा आणला तर दुसरा हात होणार नाही हे तिथेच कळतं.

गळती सपाट भागातून क्वचितच होते. ती जमीन आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यातून, नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या निचऱ्याच्या, वास अडवणाऱ्या भांड्याच्या) कडेने आणि पाइप स्लॅबमधून जातो तिथून होते. कोपऱ्यांना जाळीची पट्टी, ट्रॅपभोवती न आकुंचन पावणारं ग्राऊट आणि मगच पहिला हात, असा क्रम हवा. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने मारायचा.

माल वाळल्यावर निचरा बंद करून जमिनीवर एक ते दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा आणि ४८ तास थांबा. खालच्या छताकडे आणि बाहेरच्या भिंतीकडे बघा. हे दोन दिवस वेळापत्रकात नसले की घाईत चाचणी गाळली जाते, म्हणून ते आधीच धरून ठेवा. आणि चाचणीनंतर त्या जमिनीवर कोणालाही खिळा मारू देऊ नका, झिरीही पाडू देऊ नका. प्लंबरचं सगळं काम त्याआधीच संपलेलं हवं.

मोठ्या टाइल्स लावल्या तर मजुरी कमी होईल का?

भिंतीवर थोडी होऊ शकते, कारण सांधे कमी असतात. जमिनीवर उलटं होतं. पाणी निचऱ्याकडे जायला ८० ते १०० ला १ असा उतार लागतो, म्हणजे ६ फुटांत साधारण १८ ते २३ मिमी. निचरा मधोमध किंवा कोपऱ्यात असेल तर उतार अनेक दिशांनी येतो आणि ६०० बाय ६०० ची टाइल तिरकी कापल्याशिवाय तो देता येत नाही. तूट वाढते, कापणीची मजुरी वाढते. भिंतीलगतची लांब नाली बसवली तर एकाच दिशेचा उतार पुरतो आणि मोठी टाइल बसते, पण ती नाली साध्या जाळीच्या कितीतरी पट महाग असते. एक तर ३०० च्या टाइल्स आणि साधा ट्रॅप घ्या, नाही तर मोठ्या टाइल्स आणि लांब नाली. मधला मार्ग म्हणून मोठ्या टाइल्सखाली अपुरा उतार दिला की पाणी साचून राहतं.

ट्रॅपमध्ये किमान ५० मिमी पाणी अडून राहिलं पाहिजे. उंची वाचवण्यासाठी उथळ ट्रॅप घातला तर चार दिवस घर बंद राहिल्यावर त्यातलं पाणी आटतं आणि वास वर येतो.

मोठा रेन शॉवर घेताना काय बघायचं?

दाब. पाण्याची टाकी शॉवरच्या वर जितकी उंच, तितका दाब: १० मीटरला साधारण १ बार. टाकी फक्त ३ मीटर वर असेल तर ०.३ बार मिळतो आणि १ बार मागणाऱ्या शॉवरमधून पाणी नुसतं ठिबकतं. मग प्रेशर पंप येतो, पंपाला वीज लागते, आवाज कमी करायला रबरी बैठक लागते. शॉवरच्या बॉक्सवरचा किमान दाब वाचा, घरचा दाब मोजा आणि पंप लागणार असेल तर त्याची किंमत शॉवरच्या किमतीत मिळवूनच निर्णय घ्या.

भिंतीत बसणाऱ्या डायव्हर्टरच्या (पाणी शॉवरकडे की नळाकडे जाईल ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) आतल्या भागावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात. त्या तयार टाइल्सच्या पृष्ठभागापासून मोजायच्या असतात, उघड्या विटांपासून नाही. बाहेरचं हँडल त्याच कंपनीचं आणि त्याच मालिकेचं लागतं. म्हणून ‘आतला भाग आत्ता, बाहेरचा नंतर स्वस्तात मिळेल तेव्हा’ ही योजना धोक्याची असते. मालिका बंद झाली तर भिंत फोडावी लागते.

विजेच्या कामात काय धरायचं?

२३० व्होल्टला २ किलोवॅटचा गीझर ९ अँपिअरच्या आसपास घेतो, ३ किलोवॅटचा १३. त्याला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की आपोआप बंद होणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग हवं. बाथरूमच्या सगळ्या जोडण्यांना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) लावून घ्या. यात काटकसर करू नका, हा जिवाचा प्रश्न आहे. जुनी वायर बोर्डापर्यंत बदलावी लागली तर तो खर्च बाथरूमच्या बाहेर होतो, म्हणून कोटेशनमध्ये दिसत नाही. इलेक्ट्रिशियनला बोर्ड उघडून बघायला सांगा.

एक्झॉस्ट पंख्याचा हिशेब असा: ८ बाय ५ बाय ८ फूट उंची म्हणजे ३२० घनफूट हवा, ती तासाला १० वेळा बदलायची तर मिनिटाला सुमारे ५३ घनफूट. दरवाजाखाली १० ते १५ मिमी फट सोडा. हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता फिरतो.

तीन कोटेशन्स आली आणि तिन्हींत मोठा फरक आहे. तुलना कशी करायची?

एकूण रकमेची तुलना निरर्थक आहे, कारण तिघांनी तीन वेगळी कामं धरलेली असतात. स्वतः एक यादी बनवा आणि तिघांनाही तीच द्या. त्यात टाइल्सचं क्षेत्रफळ, वॉटरप्रूफिंगचं क्षेत्रफळ आणि हातांची संख्या, पाण्याच्या जोडण्यांची संख्या, विजेच्या पॉइंट्सची संख्या, पाइपचा प्रकार आणि दोन्ही चाचण्या लिहा. कोपऱ्यात टाइल्सच्या कडा ४५ अंशांत घासायच्या असतील तर ते काम धावत्या फुटावर मोजलं जातं. किती फूट ते लिहा, नाही तर शेवटी तीच रक्कम फुगते. कोनाड्याचाही दर वेगळा: आकार लहान, पण पाच आतल्या बाजू, वॉटरप्रूफिंग आणि चार कडा.

सामान तुम्ही आणणार असाल तर मोडतोड कोणाच्या खात्यावर, हे लिहून घ्या. टाइल्स, कमोड, बेसिन आणि नळ स्वतः निवडून घेतलेले बरे. सिमेंट, वाळू, पाइप, फिटिंग्ज कंत्राटदाराकडे असू द्या. एक एल्बो कमी पडला म्हणून काम थांबलं तर तो दिवस तुमच्या खर्चात जायला नको. पाइपची कंपनी आणि प्रकार मात्र नावानिशी लिहून घ्या.

पैसे कसे द्यायचे?

दिवसांवर नाही, टप्प्यांवर. सुरुवातीला १५ टक्के, पाइपची दाब-चाचणी पार पडल्यावर २५, पाणी भरून ठेवण्याची चाचणी पार पडल्यावर २०, टाइल्स आणि ग्राऊट झाल्यावर २५, आणि उरलेले १५ टक्के सगळं बसवून पंधरा दिवस वापरून झाल्यावर. शेवटचा हप्ता फार लहान ठेवला तर कंत्राटदार किरकोळ कामांसाठी परत येत नाही. अर्ध्याहून अधिक आगाऊ मागणाऱ्याला काम देऊ नका.

आकस्मिक खर्चासाठी किती ठेवायचे?

पंधरा वर्षांच्या आतलं बांधकाम असेल तर १० टक्के, जुनं असेल तर २० टक्के. ही रक्कम वरच्या शंभर टक्क्यांच्या बाहेरची आणि वेगळी ठेवलेली असावी. तोडल्याशिवाय न दिसणाऱ्या गोष्टींसाठी ती आहे: उघडी पडलेली गंजकी सळई, ढासळणारं प्लास्टर, तुटलेला मैलापाण्याचा पाइप. मधेच आवडलेल्या महाग नळासाठी ती नाही.

आधीच वाढवलेलं बजेट पुन्हा का फिस्कटतं?

बहुतेकदा दोन कारणांनी. पहिलं म्हणजे यादीत नसलेलं सामान: अँगल कॉक, वेस्ट कपलिंग, बॉटल ट्रॅप, लवचिक नळ्या, सिलिकॉन, खिडकीच्या आणि उंबरठ्याच्या ग्रॅनाइट पट्ट्या, टॉवेल रॉड, साबणदाणी, दरवाजाची कडी आणि बिजागऱ्या, मालाची वाहतूक, शेवटची अॅसिड-सफाई. प्रत्येक रक्कम छोटी असते, पण एकत्र केल्यावर एका चांगल्या कमोडची किंमत होते.

दुसरं म्हणजे काम चालू असताना बदललेला विचार. बेसिनची उंची चार इंचांनी बदलली तर निचऱ्याचा पाइप, दोन पाण्याचे पॉइंट, आरशाचा दिवा आणि बुजवलेली झिरी असं चौघांचं काम पुन्हा होतं. पहिला हातोडा पडण्याआधी टाइल्स, कमोड, बेसिन, डायव्हर्टर आणि गीझर पक्के झालेले हवेत आणि निदान त्यांचे मापाचे कागद प्लंबरच्या हातात हवेत. भिंतींवर खडूने उंच्या आखून घरातल्या प्रत्येकाला उभं करून बघा.

पैसे कमी पडत असतील तर कुठे कमी करायचं?

टाइल्सची उंची ७ फुटांऐवजी शॉवर सोडून इतर भिंतींवर ४ फूट केली आणि वर पाण्याला टिकणारा रंग दिला तर बरीच बचत होते. फॉल्स सीलिंग, काचेचं पार्टिशन आणि बेसिनखालचं कपाट नंतर करता येतं. त्यासाठी पाइप आणि वायर मात्र आत्ताच ओढून तोंडं बंद करून ठेवा. नळांच्या चमकदार रंगीत फिनिशपेक्षा साधं क्रोम घ्या, सुटे भाग सहज मिळतात. कमोड, बेसिन मध्यम किमतीचे चालतात. कमोडचा आकार सोपा असेल तर साफ करायलाही बरा.

पाइप, वॉटरप्रूफिंग, वायरिंग, आरसीसीबी आणि गवंडी यांत कमी करू नका. चांगला गवंडी स्वस्त टाइल नीट दाखवतो. वाईट गवंड्याच्या हातात महागडी टाइलही वाकडी दिसते.

किती दिवस धरायचे?

तीन ते चार आठवडे. तोडफोड दोन दिवस, पाइप आणि वायरिंग तीन-चार दिवस, प्लास्टर आणि त्यावर सात दिवस पाणी मारणं, वॉटरप्रूफिंग आणि चाचणी मिळून पाच दिवस, टाइल्स पाच-सहा दिवस, ग्राऊट एक दिवस थांबून, मग जोडण्या दोन दिवस. घरात एकच बाथरूम असेल तर या काळातल्या पर्यायी सोयीचा खर्चही बजेटमध्ये लिहा. एका आठवड्यात करून देतो म्हणणारा कंत्राटदार पाणी मारण्याचे आणि चाचणीचे दिवस कापणार आहे.

काम झाल्यावर काय जपून ठेवायचं?

झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे, पाइपशेजारी मोजपट्टी धरून काढलेले फोटो. नळांची बिलं आणि हमीपत्रं, टाइल्सच्या बॅचचा क्रमांक, ग्राऊटच्या रंगाचा क्रमांक, उरलेल्या टाइल्स. टॉवेल रॉडसाठी भोक पाडण्याआधी ते फोटो उघडा आणि पाइप कुठून गेला आहे ते कोपऱ्यापासून मोजून घ्या.